चंद्रावळीचे पाय

टेंपोच्या मागं एक मोटारसायकल लागली होती आणि तिच्यावरचा पोरगा काही केल्या पाठ सोडत नव्हता.

हर्षला मागच्या हौद्यात बाहुल्यांच्या पेट्यांना टेकून बसली होती. चौक फाट्यापासून हा आपला हॉर्न वाजवतोय, हात हलवतोय, मधूनच हसतोयसुद्धा! आधी तिनं मान फिरवली. मग डोळे वटारले. तरी तो जवळ आलाच, तेव्हा तिनं पायातली चप्पल काढून दाखवली. त्यावर त्या पठ्ठ्यानं काय करावं? जाकिटाच्या आतून एक पाय काढून दाखवला. लाकडी पाय – लाल रंगवलेली बोटं, घोट्यात इवलंसं पैंजण.

हर्षलानं टेंपो थांबवायला लावला.

"तुमच्या बाईचा पाय पडला रस्त्यात," तो गाडी बाजूला लावत म्हणाला. "तुमी चप्पल दाखवली, मी पाय दाखवला... फिट्टंफाट."

तिला हसायचं नव्हतं. पण ओठ कुठं ऐकतात! त्याचं नाव साईनाथ. भिसेगावात त्याचा वेल्डिंगचा गाळा होता – गेट, खिडक्यांच्या जाळ्या, पाण्याच्या टाक्यांचे स्टँड. गुडघ्याची खीळ झिजलीय, मी नवीन बसवून देतो, असं म्हणून तो पाय परत घेऊन गेला, आणि हर्षला उरलेला रस्ता चप्पल हातात धरूनच बसली.

पाय होता चंद्रावळीचा. चंद्रावळ म्हणजे 'हिरामण बाहुली मंडळी'ची राणी. कळसूत्री बाहुल्यांच्या या कंपनीचं बिऱ्हाड खालापुरात, भाताच्या एका जुन्या गोदामात. दोऱ्या वरून धरायच्या, बाहुल्या खाली खेळवायच्या. बाकीच्या बाहुल्या नुसत्या हलतात, चंद्रावळ नाचते. तिच्या लाकडी पावलांनी रंगमंचाच्या फळीवर टकटक ताल धरला की पोरं तर पोरं, म्हातारेसुद्धा मांड्या थोपटायला लागतात. वर्षानुवर्षं तिच्या दोऱ्या गंगाबाईंच्या हातात होत्या. आता गंगाबाईंचा खांदा वर होईना, तेव्हा त्यांनी हट्टानं त्या दोऱ्या हर्षलाकडे दिल्या.

कंपनीचे मालक हिरामण मास्तर. त्यांना हे काही रुचलं नव्हतं. हर्षला कंपनीत आल्यापासून घोडा खेळवत होती, आणि घोडा वेगळा, राणी वेगळी, असं ते येताजाता ऐकवत. कर्जतच्या प्रयोगाला नागपूरच्या बाहुली महोत्सवाची मंडळी खेळ पारखायला येणार होती. तिथं चंद्रावळ जमली तर दोऱ्या कायमच्या हर्षलाच्या. नाही जमली तर पुण्याहून मास्तरांचा पुतण्या राकेश येणार, आणि हर्षला पुन्हा घोड्यापाशी. घरीही सुखाचा घास नव्हता. भाताची झोडणी उरकली की आई स्थळं बघायला लागे, आणि प्रत्येक स्थळाची पहिली अट एकच – पोरीनं ते बाहुल्यांचं सोडायचं.

पाय बसवायला साईनाथ गोदामात आला, तेव्हा त्यानं पूल पाहिला. दोऱ्या धरणारी माणसं ज्या माळ्यावर उभी राहतात, त्याला कंपनीत पूल म्हणत. लाकडी होता, कुजत आला होता. साईनाथ म्हणाला, लोखंडी करून देतो, सुटे भाग, नटबोल्टनं जोडता येतील असे. दुसऱ्या दिवशी त्यानं फोनवर विचारलं, उंची किती? मास्तरांची टेप कुठं गेली देव जाणे. हर्षलानं आपल्या वितीनं मोजून सांगितलं, सहा वीत.

त्यानंतर तो रंग विचारायला आला. मग बोल्ट दाखवायला आला. मग नुसताच आला. माप घ्यायला तेवढा कधी आला नाही, आणि ही गोष्ट तेव्हा कुणाच्याच ध्यानात आली नाही.

तालीम चालू असली की तो खाली पोत्यावर बसून वर पाहत राही. एकदा तिनं पुलावरूनच विचारलं, "रोज येता, गाळ्यात काम नाय का?"

"हाय की. पन तिथं कोन नाचत नाय."

"मग खाली बघा ना. चंद्रावळ खाली नाचतेय."

"मी दोऱ्या बघतो," तो म्हणाला. "कुठून येतात त्या..."

हर्षलाच्या हातून एक दोरी निसटली आणि चंद्रावळ भर नाचात मटकन खाली बसली. गंगाबाईंनी पदराआड हसून घेतलं.

एका दुपारी तिनं त्याला दोऱ्यांची फळी – सगळ्या दोऱ्या जिला बांधलेल्या असतात ती – हातात धरायला दिली. लोखंड वाकवणारी बोटं, पण त्या फळीला ती भीतभीत धरत होती. ओढायचं नाही, नुसता श्वास घ्यायचा, मग बाहुलीही घेते – असं सांगताना तिनं त्याच्या मनगटावर हात ठेवला. चंद्रावळीनं श्वास घेतला की नाही ठाऊक नाही. त्या दोघांचा मात्र अडकला होता.

प्रयोगाच्या दिवशी नवा पूल साईनाथच्या गाळ्यातून थेट कर्जतच्या शाळेच्या मैदानावर आला. झकास हिरवा रंग, पक्के बोल्ट. दुपारी जोडून झाला, हर्षला वर चढली, आणि तिनं चंद्रावळीला खाली सोडलं.

चंद्रावळ जमिनीला पोचलीच नाही. रंगमंचाच्या फळीच्या वर चांगली वीतभर, तिचे लाल पाय हवेत लोंबत राहिले. हर्षलानं नाचाची दोरी हलवली. पाय हलले... पण आवाज नाही.

दोऱ्या लांब करायच्या तर तेवढा वेळ नव्हता. एकेका बाहुलीला नऊ दोऱ्या, प्रत्येक दोरीची लांबी वेगळी, त्यांचा तोल साधण्यातच दिवस जातात. साईनाथ कटर घेऊन पुलाचे पाय कापायला धावला, तर मैदानावरची वीज गेलेली. मास्तर पेटीवर बसले. रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाले, पोपटांचा खेळ लावू, त्यांना जमीन लागत नाही. आणि त्यांनी राकेशला फोन करायला मोबाईल काढला.

"सहा वीतच केलाय मी," साईनाथचा चेहरा उतरला होता. "वीत म्हंजे नऊ इंच. टाक्यांचे स्टँड असेच करतो मी."

हर्षला पुलावरून उतरली. तिनं पंजा ताणून त्याच्यापुढं धरला.

"मी हिनं मोजलं."

त्यानं आपला पंजा तिच्या पंजाला लावला. अंगठ्याला अंगठा. त्याची करंगळी तिच्या करंगळीच्या दोन पेरं पुढं गेली. चूक कुठं झाली ते दोघांनाही कळलं. मोजून झालं होतं खरं तर... हात मात्र कुणीच काढेना. तिला वाटलं, सगळं बुडालंय, राणी गेली, नागपूर गेलं, आणि तरी हा हात इथंच राहावा.

गंगाबाई खाकरल्या. हर्षलानं मान खाली घातली, आणि तिला पुलाचे चार पाय दिसले. त्यांच्याखालची जमीन दिसली.

"पाय कापायचे कशाला?" ती म्हणाली. "पुरू या की. आमच्या दारात मांडवाच्या मेढी पुरतात तसे."

मास्तरांचा फोन कानापर्यंत गेला होता. "मास्तर, राकेशला राहू द्या," ती म्हणाली. "पहार आणायला सांगा."

आजवर तिनं मास्तरांना असं कधी सांगितलं नव्हतं. मास्तरांनी फोन खिशात टाकला आणि स्वतः शाळेच्या शिपायाकडून पहार मागून आणली.

सुगी संपून जमीन दगड झालेली. पाणी ओतलं, साईनाथनं पहार मारली, हर्षला हातांनी माती उपसू लागली. गंगाबाई दुखरा खांदा सांभाळत कडेला बसल्या.

"मुहूर्तमेढ रोवताय व्हय गं?" त्या म्हणाल्या. "मंग आंब्याचा डहाळा तरी आना. आनि हळद कोन लावनार?"

दोघांनीही माना अशा खाली घातल्या की बोलता सोय नाही. त्या गडबडीत चौथा खड्डा नको इतका रुंद झाला. पूल बसला, उंची बरोबर आली, पण तो एक पाय डुगडुगत राहिला. दगड ठोकायला वेळ नव्हता. माणसं यायला लागली होती. साईनाथ पुलाखाली शिरला आणि त्यानं त्या पायाला खांदा लावला.

दिवे वेळेवर आले. तिसरी घंटा झाली. हर्षलानं दोऱ्यांची फळी उचलली, श्वास घेतला, आणि खाली चंद्रावळीचा ऊर भरून आला. मग पाऊल पडलं. टक. पुन्हा टक. मग पावलं अशी काही धावत सुटली की पुढच्या रांगेतली पोरं उठून उभी राहिली. हर्षलाला कुठं आपला हात संपतो आणि कुठं चंद्रावळ सुरू होते ते कळेना. राणी रुसली, गिरकी घेऊन हसली, ठेक्यात थबकली. लोक टाळ्यांनी तिचा ताल धरून बसले होते, भिसेगावचे, नेरळचे, लांबलांबचे.

खेळ संपल्यावर नागपूरच्या बाईंनी महोत्सवाचं बोलावणं दिलं आणि विचारलं, राणी कोणाच्या हातात होती? दोऱ्यावाल्यांनी पडद्यापुढं यायचं नाही हा कंपनीचा जुना नेम. पण मास्तरांनी हर्षलाचा हात धरला आणि तिला सरळ पडद्याबाहेर आणलं. "हिच्या," ते म्हणाले. "नागपूरलाही हीच असेल." गंगाबाई तिकडं रडत होत्या आणि कुणी बघू नये म्हणून हसत होत्या.

हर्षला पडद्यामागं परत आली, तेव्हा साईनाथ अजून पुलाखालीच होता. खांद्यावर माती, शर्टाला हिरवा रंग.

"कसा झाला खेळ?" तिनं विचारलं.

"काय म्हायती. मला दिसलाच नाय." तो वर पाहत होता. "सगळ्यांनी चंद्रावळ बघितली. मी इथून... तुला बघितलं."

तो पहिल्यांदाच 'तू' म्हणाला होता. हर्षलानं खोल श्वास घेतला.

"मी बाहुल्या सोडनार नाय. नागपूरला जानार, पुढंही जानार. आधीच सांगते."

"सोड म्हनून कोन म्हनतंय? मला दोऱ्या धरलेलीच आवडलीस तू."

"मंग उद्या घरी ये. आईला सांग, स्थळ आलंय."

"आनि त्या इचारतील, मुलीचं काय म्हननं?"

"मुलगी हो म्हनाली," हर्षला म्हणाली, आणि हे बोलताना तिचा आवाज जराही कापला नाही.

पलीकडून मास्तरांची हाक आली. लोक उठायला तयार नाहीत, राणीचा नाच पुन्हा हवाय. हर्षला पुलावर चढली. साईनाथनं लोखंडी पायाला पुन्हा खांदा लावला आणि तोंड वर केलं. आयुष्यात एवढा आनंद तिला कधी झाला नव्हता. तिनं त्याच्याकडं पाहून हसून घेतलं, दोऱ्या उचलल्या, आणि चंद्रावळ नाचायला निघाली.