मढ्याच्या अंगावरचा कोट

शी! शी! शी! सकाळी कुणा बेवारस मढ्याच्या कानातला चिखल काढायचा, त्याच हातांनी दुपारी कणीक मळायची, आणि वर शहाजोगपणे विचारायचं, "आई, मीठ बेताचं आहे ना?" काय म्हणावं असल्या सुनेला! म्हातारीच्या घशाखाली घास उतरेना. तीनदा साबण लावते म्हणे! तीनदा लावा नाहीतर तेरा वेळा, मेलेल्याचा वास कातडीला नाही, मनाला चिकटतो, असं तिचं ठाम मत होतं. तिची मतं सगळ्या गल्लीला पाठ होती. शवपेट्यांच्या त्या कारखान्याच्या मालकिणीला लोक उगीच 'करवत' म्हणत नव्हते. जाताना कापायची आणि येतानाही कापायची!

थोरला लेक जाऊन वर्ष झालं होतं. कारखान्यात फळ्यांची उभी थप्पी त्याच्या अंगावर कोसळली... थप्पीला आवळून बांधायची दोरी जागेवर नव्हती. ते काम धाकट्याचं. लोकांनी विचारलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "चूक माझी." त्या क्षणी म्हातारीच्या अंतःकरणात काहीतरी कायमचं मिटलं. त्या दिवसापासून ती धाकट्याशी बोलली नाही. त्याचं ताट कारखान्यात, अंथरूण कारखान्यात. उंबऱ्याच्या आत पाऊल नाही. "मला एकच लेक होता, तो मातीत आहे," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे.

आणि थोरल्याची विधवा, ही सून, त्याच धाकट्या दिराला ताट नेऊन देई! एवढ्यावर भागलं नाही. इस्पितळात ज्यांना न्यायला कुणी येत नाही अशी प्रेतं दोघं मिळून आणू लागली. धुवायची, कपडे चढवायचे, उरल्यासुरल्या फळ्यांच्या पेटीत नीट निजवायची. चर्चच्या पाळकांनी तर रविवारच्या उपासनेत भरल्या मंडळीसमोर त्यांची वाखाणणी केली आणि करवतीने तिथंच तोंड फिरवलं. शरीराच्या पुनरुत्थानावर विश्वास असल्याचं दर रविवारी सगळ्यांत मोठ्याने म्हणणारी ती! पण उठवणं हे प्रभूचं काम. त्यासाठी आपण लोकांची नखं कशाला कोरायची?

त्या शनिवारी तिने कपाट उघडलं. दर शनिवारी ती थोरल्याचा गडद निळा कोट काढून ब्रशने झटकायची. कशासाठी, ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं... तो उठेल तेव्हा हवा थंड असली तर?

कोट नव्हता! रिकामा हँगर तेवढा लटकत होता.

तशीच, घरातल्या चपलांनी, ती अंगण ओलांडून कारखान्यात शिरली. फिनेल, ओला भुसा आणि त्याखालून येणारा तो दुसरा, गोडसर, किळसवाणा वास... तिने पदर नाकाला लावला. रंधा मारायच्या टेबलावर एक म्हातारा पडला होता. निळसर ओठ, फुगलेली बोटं, दाढीत शेवाळ. आणि त्याच्या अंगात तिच्या लेकाचा कोट! सून बटणं लावत होती. धाकटा पाय पुसत होता. दाराशी त्याचं गाठोडं बांधून ठेवलेलं होतं.

"अगं सटवे! माझ्या लेकाचा कोट मढ्याला?"

"आई, नदीत सापडलेत हे. अंगावर चिंधीही नव्हती." सून म्हणाली. "त्या दिवशी उठतील, तेव्हा उघडे उठू नयेत..."

"आणि माझा लेक काय घालेल?"

"त्यांना आपण लग्नाचा सूट घातला होता ना, आई..."

करवत धाकट्याकडे वळली; वर्षानंतर प्रथमच त्याच्याशी बोलत होती, आणि शब्द कसले, निखारे! "भावाला खाल्लंस, आता त्याचा कोटही पुरतोस? तुला पाहिलं की मला शिसारी येते! गाठोडं बांधलंयस ना? जा! काळं कर!"

धाकट्याने मान खाली घातली. "उद्या पहाटे जातोय, आई. हे शेवटचं काम."

"भाऊजी, पुरे!" सून एकदम ओरडली. "आई, दोरी भाऊजींनी सोडली नव्हती!"

"वहिनी, गप्प बसा!"

"मग कुणी सोडली?" म्हातारी गरजली. "बोल! कुणी?"

सुनेने सासूच्या हातांकडे पाहिलं... आणि चटकन नजर फिरवली.

म्हातारीनेही आपल्या हातांकडे पाहिलं. गेल्या वर्षीच्या पुनरुत्थानाच्या रविवारचा, ईस्टरचा, आदला दिवस. चर्चच्या वेदीवरचं लांबच लांब पांढरं कापड. दुसऱ्या कुणाच्या धुण्यावर तिचा विश्वास नव्हता म्हणून दरवर्षी ते तीच धुवायची. वाळत घालायची दोरी तुटलेली. कारखान्यात कुणी नव्हतं. थप्पीला चांगली मजबूत दोरी होती. वाळलं की लगेच परत बांधीन, म्हणाली होती ती स्वतःशीच! कापड वाळलं. रविवारी सगळ्या बायका म्हणाल्या, असं शुभ्र आम्हाला जमत नाही बाई. दोरी अंगणातच राहिली आणि सोमवारी...

"दादा गेला त्या संध्याकाळी, कुणाला कळू नये म्हणून, अंगणातली दोरी मीच उतरवली," धाकटा पुटपुटला. "वहिनींनी पाहिलं."

म्हातारी वाकली, भिंतीला धरून ओकली. मढ्याच्या वासाने नव्हे! ज्या हातांना ती जन्मभर स्वच्छ समजत होती, त्या हातांची तिला किळस आली. कुठे लपवावेत ते कळेना.

"का नाही सांगितलंस रे?"

"एकाला नुकतंच पुरलं होतं, आई... तुला पुरायची ताकद नव्हती माझ्यात."

"आणि मी तुला जिवंतपणी पुरत होते! रोज! ताटासकट!" ती हंबरडा फोडून त्याच्याकडे धावली. तो मागे सरला.

"हात लावू नकोस, आई. अजून धुतले नाहीत..."

तिने ते दोन्ही ओले हात ओढून आपल्या गालांवर दाबले. वास नाकात शिरला. पण तिने ते सोडले नाहीत. "आज घरात जेवायचं," ती हुंदक्यांतून म्हणाली. "माझ्या शेजारी बसून. आणि ते गाठोडं सोड."

धाकटा लहान मुलासारखा रडू लागला. थोड्या वेळाने तिने डोळे पुसले, टेबलाजवळ गेली, नाक मुरडलं आणि त्या परक्या म्हाताऱ्याची कॉलर सरळ केली. "एवढ्या मोठ्या दिवशी असा गबाळा उठणार का हा?"

सून डोळ्यांत पाणी आणून हसली. "आई, मला क्षमा करा, मी तुम्हाला..."

"तू बोलू नकोस!" करवत पुन्हा धारेवर आली होती. "खोटारडी आहेस तू! वर्षभर तोंड मिटून मला राखलंस आणि या पोराला कुजू दिलंस. याला दया म्हणतेस? प्रेतं धुतलीस त्यात कसली घाण, घाण ही! माणूस उठतो तो खऱ्याने उठतो, बाई. झाकणं ठोकायचा धंदा कारखान्यात करायचा, माझ्या घरात नाही!"