दोन खांबांमधलं अंतर

"ब्रेक बराबर हाय, मॅडम," चाकाकडे बघतच गॅरेजवाला भारत म्हणाला. "चप्पल घासली तुमची."

दैवशालानं खाली पाहिलं. खरंच – दोन्ही चपलांची पुढची टोकं पातळ झाली होती! स्कुटी सुरू झाली, की तिचे पाय आपोआप खाली यायचे आणि रस्ता खरवडत जायचे. लायसनच्या कॅम्पात आठचा आकडा काढताना याच पायांनी घात केला. पाय टेकला – नापास. आता दोन आठवड्यांनी दुसरी संधी. तीही हुकली, तर गावोगाव फिरून रक्ताचे नमुने आणायची लॅबमधली नोकरी दुसऱ्या कुणाला मिळणार होती.

"भ्या वाटतं का?"

"न्हाई भाऊ... सवय हाय."

"मंग सवयच बदलू. आज या लाइटीच्या खांबापासून त्या खांबापर्यंत पाय वर. उद्या दोन खांब."

आष्टीच्या रस्त्यावर रोज एकेक खांब वाढत गेला. तिला मात्र वेगळंच कोडं पडलं होतं. हा माणूस चपला वाचतो, मग चेहऱ्याकडे का बघत नाही?

तिसऱ्या दिवशी तिनं विचारलंच. "भाऊ, माझ्याशी बोलून राह्यले का नटबोल्टाशी?"

त्याच्या हातातला पाना निसटला. "मान वर केली, की... शब्दच सापडत न्हाई. लहानपणापासून."

"मंग तुमचाही एक खांब. रोज एक वाक्य, माझ्याकडे बघून."

त्यानं मान उचलली. कान लाल झाले. "हवा... कमी हाय."

ती खळखळून हसली.

सातव्या दिवशी तो म्हणाला, "हिरवी ओढणी चांगली दिसती," आणि लगेच इंजिनात डोकं घातलं. ते वाक्य घोळवत ती निघाली... किती खांब मागे गेले, मोजायचंच राहिलं. पाय वरच होते.

परीक्षेत शेवटच्या वळणावर स्कुटी डुलली. उजवा पाय निघाला... तिनं तो मागे ओढला.

"पास," साहेब म्हणाले.

गॅरेज बंद ठेवून भारत कॅम्पाच्या फाटकाशी उभा होता. तिनं स्कुटी थेट त्याच्यासमोर थांबवली.

"आजचं वाक्य राह्यलं, भाऊ."

त्यानं मान वर केली. या वेळी ती खाली गेली नाही.

"मला... भाऊ म्हणू नका."

"का बरं?"

"ते दुसरं वाक्य झालं. रोज एकच ठरलंय."

तिनं ओठ दाबून हसू आवरलं आणि मागच्या सीटवर थाप मारली.

"बसा मंग. आष्टीपर्यंत खांब लय हायेत."