साहेबाच्या खुर्चीचं वय

सागवान घासलं की चामड्यासारखा वास येतो.

आबा खोटं बोलताना डावा कान चोळतात.

आईने अठरा खोकी बांधली आणि एकोणिसावं बांधणार नाही म्हणाली.

कोपरचे रिक्षावाले खुर्चीला सवारी मानत नाहीत.

त्याच्या खिशातून तीन गोष्टी डोकावायच्या — पेन्सिल, पेन्सिल आणि पेन्सिल.

तर… सोमवारी दुपारी मी रस्त्याच्या कडेला खुर्चीवर बसले होते. ठाण्यातल्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात त्या खुर्चीचं वय विचारायला गेलेले. दुकानदाराने खुर्चीकडे पाहिलंच नाही, माझ्याकडेच कीव आल्यासारखं पाहिलं. परतताना टेम्पो कोपर स्टेशनपाशी बंद पडला. टेम्पोवाल्याने आम्हा दोघींना उतरवलं. खुर्ची भलीमोठी, पाठीवर मोर कोरलेला. उभं राहून पाय दुखले, म्हणून बसले. येणारे-जाणारे मोराकडे बघायचे, मग माझ्याकडे.

एक स्कूटर थांबली.

"रिसेप्शन इथंच आहे का?" त्याने विचारलं.

"हो. नवरा अजून यायचाय," मी म्हटलं. आणि मग — हे मी काय बोलले…

तो हसला नाही. खिशातली एक पेन्सिल काढून कानावर ठेवली. त्याचं हसणं असंच असतं, हे मला नंतर कळलं.

नाव महेंद्र. विठ्ठलवाडीला त्याचं फर्निचरचं वर्कशॉप आहे, वडिलांपासूनचं. मी सगळी हकिगत सांगितली. त्याने स्कूटर लावली, खुर्ची उलटी करून डोक्यावर घेतली आणि तीन गल्ल्या चालत आमच्या घरी आणून ठेवली.

हकिगत अशी. आमची इमारत पाडून नवी बांधणार आहेत. तोवर आम्ही भाड्याच्या वन रूम किचनमध्ये राहणार. आईचा कायदा : खुर्ची शंभर वर्षांची निघाली तर बरोबर येईल, नाहीतर रविवारी भंगारवाल्याकडे. आबांचा कायदा : खुर्ची नाही तर मीही नाही. बाबांनी दोन्ही कायद्यांना मान डोलावली आणि ते कामावर गेले. आबा म्हणजे माझे आजोबा, सीताराम. वय एक्याऐंशी. त्यांच्या म्हणण्यानुसार खुर्ची रेल्वेतल्या एका इंग्रज साहेबाची. जाताना तो पणजोबांना देऊन गेला.

मंगळवारी महेंद्र कानस घेऊन आला. पायाचा कोपरा घासला आणि मला वास घ्यायला सांगितलं. मी वाकले. तोही वाकला. कपाळावर कपाळ आपटलं.

"काय चाललंय?" आईने स्वयंपाकघरातून विचारलं.

"वास घेतोय," महेंद्र म्हणाला.

स्वयंपाकघरातला कुकरसुद्धा क्षणभर गप्प झाला.

बुधवारी स्क्रू. सगळे आडव्या खाचेचे, एकही नव्या, चांदणीच्या खाचेचा नाही. पन्नासेक वर्षं तर सहज झाली असतील, असं तो बोलून गेला. आई म्हणाली, शंभरपैकी पन्नास म्हणजे नापास. त्याने घाईघाईने सांगितलं की अजून बरंच तपासायचंय… आणि माझ्याकडे बघितलं. मीही लगेच मान हलवली, बरंच तपासायचंय. खुर्ची उलटी करायला तो हात लावायचा की आबा येऊन बसायचे. गुडघे दुखतात म्हणायचे. कान चोळायचे.

शुक्रवारी पॉलिश. वरचा थर खरवडला तर खाली लाल, लालखाली सोनेरी.

"आबा, साहेब सोनेरी खुर्चीत बसायचा?" त्याने विचारलं.

"हौशी होता," आबा म्हणाले. कान लालेलाल.

शनिवारी गादी उघडली. आत काथ्या. काथ्या झटकला तर फरशीवर बारीक काहीतरी सांडलं. आईने चिमटीत धरून उजेडात नेलं. तांदूळ. कुंकवाने रंगवलेले, आता विटकरी झालेले.

इंग्रज साहेबाच्या खुर्चीत अक्षता.

आईने खुर्ची आडवी केली. खाली कधीकाळी चिकटवलेलं कॅलेंडरचं पान होतं. तिने ते ओढलं. आत पांढऱ्या रंगात कुणा मंडपवाल्याचं नाव, खाली 'कल्याण', आणि 'नग ७'.

आबांनी या वेळी कान चोळला नाही.

"लग्नात शकू दिवसभर उभी होती," ते म्हणाले. शकू म्हणजे माझी आजी. "रात्री या खुर्चीत बसली आणि म्हणाली, आता मी उठत नाही. मंडपवाला खुर्च्या मोजत आला. मी म्हटलं, एक कमी मोज." मग म्हणाले, "लोकांना चोरी सांगण्यापेक्षा साहेब बरा वाटला."

मी आईकडे बघितलं. भंगारवाला उद्या दहाला येणार होता.

आईने अक्षता एका वाटीत ठेवल्या. "जी वस्तू आपली नाही, ती विकायची कशी?" ती म्हणाली. "मालक सापडेपर्यंत सांभाळावी लागेल." आणि एकोणिसावं खोकं बांधायला सुतळी शोधायला लागली. आबा लगेच खुर्चीत बसले, गादी नसतानाही.

महेंद्रला सोडायला मी जिन्यापर्यंत गेले. त्याने हत्यारांची पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. मग परत पहिल्यावर.

"एक सांगायचंय," तो म्हणाला. "ते नाव… मी सोमवारीच वाचलेलं. डोक्यावर घेतली ना तेव्हा. पानाचा कोपरा सुटलेला."

"मग चार दिवस कशाला आलात?"

"तुम्ही खुर्चीचं वय विचारलंत. म्हटलं, कधीतरी माझंही विचाराल."

"किती?"

"एकोणतीस. मूळ विठ्ठलवाडी. वरून पॉलिश नाही — आहे ते हेच."

मी त्याच्या खिशातली एक पेन्सिल काढून माझ्या कानावर ठेवली. त्याचे कान आबांसारखे लाल झाले, पण तो खोटं बोलत नव्हता.

"उद्या सामान हलवायचंय," मी म्हटलं. "खुर्ची डोक्यावर कोण घेणार?"

"मी."

"आणि परवा?"

"परवा… तुम्ही सांगाल ते."

"तू म्हण."

"तू सांगशील ते."

मंगळवारी सकाळी, तो कानस घेऊन यायच्या आधी, आबा आंघोळीला गेलेले असताना मी कॅलेंडरचा कोपरा उचलून ते नाव वाचलं होतं.