आधी सांगायला आले

मावशीला डोळ्याच्या ऑपरेशनला आत नेलं आणि मी बाहेरच्या बाकावर टेकले. शेजारी एकजण मांडीवर लॅपटॉप घेऊन बसला होता. लॅपटॉप त्याच्या अंध वडिलांना टाइप करून ठेवलेली जुनी पत्रं वाचून दाखवत होता... तो आवाज मी हजारांत ओळखला असता! अंधांसाठीचा तो प्रोग्राम आम्ही बरेचजण फावल्या वेळात, फुकट लिहितो.

"हा आमचा आहे!" मला राहवलं नाही.

"आमचाही होता," तो म्हणाला. "बाबांना कमी ऐकू येतं, म्हणून आवाज स्पष्ट करणारा कोड पाठवला होता. एका बाईंनी दहा मिनिटांत काढून टाकला."

"बिघडला असेल..."

"बिघडलाच होता. कित्येकांची मशीनं मुकी झाली. काढायलाच हवा होता. पण चारचौघांत 'कचरा, काढला' एवढंच? आधी मला सांगावं, कुठे चुकलं त्याच्या दोन ओळी लिहाव्यात... काही रीत असते की नाही?"

माझे कान तापले.

"त्या बाई... मीच."

तो बघतच राहिला. "लिहिण्यावरून साठीच्या वाटला होतात."

मी माफी मागितली. मग त्याच बाकावर बसून आम्ही दोघांनी तो कोड नव्याने लिहायला घेतला. मावशीची पट्टी सुटली, तरी माझ्या हॉस्पिटलच्या फेऱ्या थांबेनात.

"ऑपरेशन माझं झालं, अन् चमक तुझ्या डोळ्यांत!" मावशी म्हणाली.

त्याच्या बाबांच्या डोळ्यामागे गाठ होती, ती मात्र पसरत चालली होती. आमचा कोड प्रोग्राममध्ये गेला त्या दिवशी त्यांनी बायकोची सगळी पत्रं एका बैठकीत ऐकली. चौथ्या दिवशी ते गेले.

त्यानंतर आठवड्याभरातच तक्रारी आल्या. जुन्या मशीनवर आमचा कोड अडकत होता. माणसं खोळंबली होती, थांबणं शक्य नव्हतं. मी तडक त्याच्या घरी गेले, चार जिने चढून.

दार उघडलं. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले.

"तुझा... आपला कोड मागे घ्यावा लागतोय," मला धाप लागली होती. "आधी तुला सांगायला आले."

"फोन करायचास."

"हे फोनवर... नाही जमलं."

तो भिंतीला टेकून खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच, हे त्याने नंतर सांगितलं. मी शेजारी बसून राहिले. मग त्यानेच लॅपटॉप पुढे ओढला, स्वतःच्या हाताने कोड मागे घेतला आणि खाली सविस्तर कारण लिहिलं.

मी उठले, तर त्याने माझं मनगट धरलं.

"उद्या येशील?"

"दुरुस्तीला?"

"दुरुस्ती मी करतो गं. तू... नुसतीच ये."

"किती वाजता?" मी विचारलं.

"सकाळीच ये," तो म्हणाला. "घर फार शांत असतं."