बाबांनी न ऐकलेलं प्रकरण

मी कादंबऱ्या लिहिते. म्हणजे लोकांना खरं वाटेल असं खोटं सांगणं हाच माझा धंदा. तेव्हा तुमचा विश्वास बसणार नाही, हे धरूनच चाललेय. पण यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. दिवेलागणीची वेळ. गावाबाहेरच्या आमच्या छोट्या बैठ्या घरात मी एकटीच होते.

दादा त्या घराला कौतुकाने 'कॉटेज' म्हणतो. राहावं मला लागतं, म्हणून मी 'खोपटं' म्हणते.

बाबांची शेवटची वर्षं तिथेच गेली. नजर पूर्ण गेली होती, पण घर तोंडपाठ होतं. एक हात भिंतीला, दुसऱ्या हातात काठी. टक टक करत घरातल्या बोळातून सरळ यायचे. बोळाच्या टोकाला माझी लिहायची खोली.

संध्याकाळचा चहा झाला की स्वारी हजर. वेताच्या खुर्चीत बसायचे आणि म्हणायचे, "हं, लेखिकाबाई, आज काय दिवे लावलेत?"

मग दिवसभरात लिहिलेलं मी वाचून दाखवायचे. पुस्तक त्यांच्यावरच होतं. "मी इतका कधी खेकसायचो गं?" असं माझ्यावरच खेकसायचे.

शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं आणि बाबा गेले. रात्री झोपले ते सकाळी उठलेच नाहीत.

ते प्रकरण मग मी त्यांच्या जाण्यावरच लिहिलं. पुस्तक छापून आलं. लोकांना आवडलं. मला मात्र घर खायला उठलं होतं. दादा म्हणाला, "डागडुजी काढ. घराला नवं रूप दे. तेवढंच तुझं मन रमेल."

गवंडी लावला. पुस्तकांच्या कपाटासाठी मला सलग भिंत हवी होती. म्हणून खोलीचं बोळातलं दार बुजवलं आणि बैठकीतून नवं काढलं.

त्या संध्याकाळी गवंडी काम आटोपून गेला. मी चहा घेतला. नव्या दाराने खोलीत येऊन बसले.

आणि भिंतीपलीकडून, बोळातून...

टक... टक... टक...



काठीबरोबर भिंतीवरून हात घासत येत होता. बुजवलेल्या दारापाशी आला आणि थांबला.

मग भिंतीवर थापट्या... हलक्या, चाचपडणाऱ्या. वर. खाली. पुन्हा वर.

दार शोधत होते.

"बाबा?" मी कशीबशी म्हणाले. "बाबा, इकडून या. बैठकीतून. दार बदललंय."

थापट्या थांबल्या.

 मग काठी आली तशी परत गेली. वाटेत दोनदा कशाला तरी अडखळली.

जिवंतपणी बाबा त्या घरात कधी अडखळले नव्हते. मला भीती वाटायला हवी होती. मला फक्त रडू येत होतं. आंधळ्या माणसाचं पाठ असलेलं घर मी बदलून टाकलं होतं.

सकाळी गवंडी आल्या आल्या तडकला.

"मॅडम, ओल्या गिलाव्याला हात लावू नका म्हटलं होतं ना?"

भिंतीवर बोटं उमटली होती. एकावर एक, सगळीकडे.

"मी नाही लावला."

"मग भिंतीने स्वतःच..." तो बोलता बोलता वाकला. नीट बघितलं. माझ्या हाताकडे बघितलं. त्या ठशांत माझे दोन पंजे मावले असते.

"हे दार परत उघडा," मी म्हणाले.

"अहो, आत्ता कुठे बुजवलं!"

"फोडा."

"भिंत तुमची, मॅडम. डोकंही तुमचंच," असं पुटपुटत त्याने छिन्नी उचलली. पण संध्याकाळ व्हायच्या आत निघून गेला. चहालाही थांबला नाही.

त्या दिवशी काठी थेट आत आली.

वेताची खुर्ची करकरली.

समोर कुणीच नव्हतं... पण खुर्चीचा वेत खाली दबला होता.

मी पुस्तक उघडलं आणि वाचायला लागले.  त्यांनी ऐकलेली प्रकरणं एकेक करून परत वाचली, बरेच दिवस. रोज यायचे, ऐकायचे, जायचे. एवढं सुख मला पुस्तक छापून आल्यावरही झालं नव्हतं.

मग एका संध्याकाळी शेवटचं प्रकरण आलं.

पहिलं वाक्य ओठांवर आलं आणि मी गप्प झाले.

बाबा झोपेत गेले होते. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

मी हे वाचलं, तर कळेल. कळलं, तर जातील.

"आज एवढंच, बाबा," मी म्हणाले. "बाकीचं उद्या."

खुर्ची करकरली. काठी परत गेली. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली.

रंगारी ताटकळला. प्रकाशकांनी ठरवलेले कार्यक्रम मी एकेक करून नाकारले. दादा फोनवर ओरडला, "घर तरी पूर्ण कर, नाहीतर विकून मोकळी हो!" मी हो हो म्हणत राहिले. मला संध्याकाळी कुठेही जायचं नव्हतं.

आणि एके दिवशी वाचन चालू असतानाच बेल वाजली.

कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानातल्या काकू होत्या. हातात माझं पुस्तक. सही हवी होती. मी घाईघाईने पेन शोधत होते. काकूंचा आवाज मुळातच खणखणीत.

"अगं, काय लिहिलंयस! बाबा शेवटी झोपेतच जातात ना, ते वाचून आम्ही दोघं ढसाढसा रडलो बघ!"

"काकू, हळू..."

आत खुर्ची करकरली.

मग काठी. टक टक टक टक... इतक्या घाईने ते कधीच चालले नव्हते. काठी बैठकीतून आली. माझ्या अगदी जवळून गेली.

काकू नकळत बाजूला सरकल्या. "वारा सुटलाय का गं?" म्हणाल्या.

पायऱ्या उतरल्याचा आवाज आला. फाटकाची कडी निघाली. फाटक आपोआप उघडलं...

"बाबा!" मी अनवाणी धावले.

रस्ता दोन्ही बाजूंना रिकामा होता. काठीचा आवाज कुठल्याच बाजूने येत नव्हता. काकू माझ्याकडे बघत दारातच उभ्या राहिल्या. बिचारीला काय सांगणार?

आता घर पूर्ण झालंय. दादा येऊन बघून गेला, खूश झाला. बोळात पुन्हा कधी काही वाजलं नाही.

लोक म्हणतात, आत्म्याला मुक्ती मिळाली. मिळाली असेलही. मला एवढंच माहीत आहे की नजर गेल्यापासून बाबा फाटकाबाहेर एकटे कधी गेले नव्हते. कोपराला धरून मीच न्यायचे. बाहेरचा रस्ता त्यांना ठाऊक नव्हता.

ते कुठल्या बाजूला वळले असतील?

दिवा लावून ठेवण्यात अर्थ नाही, त्यांना तो दिसणार नाही. म्हणून अंधार पडायला लागला की मी पायरीवर बसून मोठ्याने वाचते. येणारे-जाणारे वेडी समजतात. समजू देत.

आवाज ऐकून तरी वळतील, असं वाटतं.

अजून आलेले नाहीत.