बारा मिनिटांची बोट

खोका आधी टॅम्सिनने पाहिला होता. पण त्यावर हात आधी पडला तो एका अनोळखी माणसाचा.

"अहो, हा माझा आहे," ती म्हणाली.

"असं? नाव दिसत नाही कुठे…" तो म्हणाला, आणि खरोखरच वाकून खोक्याच्या चारही बाजूंना नाव शोधू लागला.

विजेच्या वस्तूंच्या दुकानामागे दोघं उभी होती. मध्ये फ्रिजचा खोका. माणसापेक्षा उंच, दुहेरी पुठ्ठ्याचा, एकही कोपरा चेपलेला नाही. ह्यूऑन नदीकाठच्या त्या गावात असा खोका महिन्यातून एखादाच दिसायचा. त्यात भुरभुर पाऊस सुरू झाला होता, आणि पुठ्ठ्याचं आणि पावसाचं काही जमत नाही. निकाल लवकर लागायला हवा होता.

"तुम्हाला कशाला हवाय?" तिने विचारलं.

"साचे कापायला. फळीला करवत लावायच्या आधी पुठ्ठ्यावर कापून बघतो. बोटी बांधतो मी. पाइनच्या." शेवटचा शब्द त्याने असा उच्चारला, की जणू इतर लाकडांच्या बोटी बांधणाऱ्यांची त्याला कीव येते. "आणि तुम्हाला?"

"बोटच बांधायला. या पुठ्ठ्याची."

तो हसला. चांगला मान मागे टाकून हसला. त्याच्या भुवईवर लाकडाचा भुसा होता, आणि तो पावसाने भिजून तिथेच चिकटला होता. टॅम्सिनला राग आला, आणि तो भुसा पुसून टाकावासाही वाटला. दोन्ही एकदमच.

"माझ्या आजोबांनी बांधलेली बोट अजून पाण्यात आहे," तो म्हणाला. "शंभर वर्षं टिकतात आमच्या बोटी."

"माझी बारा मिनिटं टिकली तरी पुरे. पण ती बारा मिनिटं टिकलीच पाहिजे."

ती हे अशा आवाजात म्हणाली, की त्याचं हसू थांबलं. त्याने खिशातून डॉलरचं नाणं काढलं. "कांगारू की राणी?"

"राणी."

कांगारू पडला. टॅम्सिनने पिशवीतून जाड काळं पेन काढलं आणि खोक्याच्या एका बाजूवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, वीतभर उंचीचे दहा आकडे लिहिले. आपला फोन नंबर.

"साचे कापून झाले की उरलेला तुकडा परत करायचा. टॅम्सिन म्हणतात मला. शाळेत असते."

"फर्गस," तो म्हणाला. खोका डोक्यावर घेऊन तो पिकअपकडे पळाला, आणि वळून बघण्याच्या नादात दुकानाच्या पाटीला थडकला.

टॅम्सिन नदीकाठच्या छोट्या शाळेत कार्यशाळेचा विषय शिकवायची. तिथे येऊन तिला एकच वर्ष झालं होतं. दर मार्चमध्ये खोऱ्यातल्या शाळांची पुठ्ठ्याच्या बोटींची स्पर्धा असे. धक्क्यावरून निघायचं, पाण्यात तरंगणाऱ्या खुणेच्या पिवळ्या बोयाला वळसा घालायचा आणि परत यायचं, साधारण बारा मिनिटांचं अंतर. लागोपाठ दोन वर्षं या शाळेची बोट बोया गाठायच्या आधीच बुडाली होती. मुख्याध्यापिका मिसेस प्लमर वाईट बाई नव्हत्या. पण त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. "यंदाही बुडाली, तर हा विषय बंद. मुलं बसने शहरातल्या शाळेत जातील, आणि टॅम्सिन… तुझी जागाही उरणार नाही ग."

टॅम्सिनने हे कोणालाच सांगितलं नाही. मुलांना तर नाहीच. ती दात आवळून सफरचंदांच्या बागांमधून फुटके-तुटके खोके गोळा करायला लागली.

चौथ्या दिवशी फर्गस कार्यशाळेच्या दारात हजर!

"बोट बघायला आलो," तो म्हणाला. "म्हणजे… हसायला, खरं तर."

"हसा. फुकट आहे. माझा उरलेला तुकडा कुठाय?"

"कापायचाय अजून."

तो हसला मात्र नाही. टेबलाभोवती दोनदा फिरला. विनी आणि ओटिस, नववीची दोन मुलं, तळाचे तुकडे जोडत होती. त्याचा हात आपोआप पुढे गेला, तशी विनी ओरडली, "मिस! हा माणूस हात लावतोय!"

"नियम आहे," टॅम्सिन म्हणाली. "कापणं, चिकटवणं, सगळं मुलांनीच करायचं. मोठ्यांनी बोट उचलली, ठेवली तर चालतं. बांधायला हात लावला, की बोट बाद. मोठ्यांनी नुसतं तोंड चालवायचं."

"नुसतं तोंड?" फर्गसचा चेहरा पडला. "मला तर तेवढंच चालवता येत नाही."

"मग शिका. हात पाठीमागे बांधा, असे."

तो शिकला. दर गुरुवारी यायला लागला, हात पाठीमागे बांधून तिच्या शेजारी उभा राहायला लागला. पुढचं टोक निमुळतं हवं, हे त्याने सांगितलं. पुठ्ठ्यातल्या बारीक नळ्या उभ्या आल्या पाहिजेत, आडव्या आल्या तर वजनाने घडी पडते, हे तिने सांगितलं. दोघं कडाकडा भांडायची आणि मुलं मुकाट्याने मधला मार्ग काढायची.

"तू नेहमी अशीच हट्टी असतेस?"

"छे. गुरुवारीच. तू नेहमी असाच भुशाने माखलेला असतोस?"

"गुरुवारी अंघोळ करून येतो मी! हा नवीन भुसा आहे."

एकदा तिच्या केसांत चिकटपट्टीचा तुकडा अडकला. "थांब," तो म्हणाला, "तुला हात लावायला नियमात बंदी आहे का?" तिने नकारार्थी मान हलवली. त्याने इतक्या सावकाश तो तुकडा सोडवला, की ओटिसने खाकरून मान फिरवली आणि विनीने मुळीच फिरवली नाही. टॅम्सिनच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिला हा माणूस आवडत होता. फार आवडत होता. आता स्वतःशी तरी कबूल करायला काय हरकत होती?

पण एक गोष्ट तिला खुपत होती. वीतभर उंचीचे दहा आकडे लिहून दिले होते तिने. या बाबाने एकदाही फोन केला नव्हता. खोक्याचं विचारलं, की दर वेळी तेच. "कापायचाय अजून…" बोटवेडा आहे, झालं. बोट संपली, की गुरुवार संपले. आणि बोट बुडाली तर ती स्वतःच इथे नसेल. मग कशाला जीव लावायचा?

तरी गुरुवारी ती हिरवा स्वेटर घालायचीच.

स्पर्धेचा शनिवार उजाडला तो लख्ख. बोट तयार होती. दोघांना बसता येईल एवढी, निळ्या रंगाची, इतकी देखणी, की पुठ्ठ्याची आहे हे सांगूनही पटलं नसतं. ती धक्क्यावर नेऊन ठेवायचं काम फर्गसने मागून घेतलं होतं. सकाळी आठला टॅम्सिन आणि मुलं पोचली, तेव्हा तो शिंपल्यांच्या गरम पॅटिसची पिशवी हातात धरून, पुतळ्यासारखा उभा होता.

बोट पाण्यात होती. म्हणजे, बोटीचं जे काय उरलं होतं ते. दुधात बुडवलेल्या पावासारखा तिचा तळ सुटून लोंबत होता.

"काय केलंस?" टॅम्सिन धक्क्याच्या कडेला धावली.

"पाण्यात ठेवली… सांधे मिटायला. नवी बोट आधी पाण्यात ठेवतो आम्ही. लाकूड पाणी पितं, फुगतं, फटी बंद होतात. लहानपणापासून हेच… टॅम्सिन, मी विचारच केला नाही ग. सात आठवडे हात लावू दिला नव्हतास. आज हात लागला, आणि हातांनी जे येतं ते केलं. मी तिला धक्क्याला बांधली आणि पॅटिस आणायला गेलो."

"पुठ्ठा आहे तो, फर्गस! पुठ्ठा!"

"माहितेय."

"तुला काहीच माहीत नाही! आज ही बोट बुडाली तर माझा वर्ग बंद होणार. विषय बंद, नोकरी बंद. मी आले तशी होबार्टला परत. कळलं?"

मुलांनी हे पहिल्यांदाच ऐकलं. विनीचा चेहरा पांढरा पडला. फर्गसने पॅटिसची पिशवी हळूच खाली ठेवली, वळला आणि पिकअपमध्ये बसून निघून गेला.

गेला! टॅम्सिन बघतच राहिली. डोळ्यांत आलेलं पाणी तिने हिरव्या बाहीने पुसलं. रडायला नंतर हवा तेवढा वेळ होता. शर्यत दोन वाजता होती.

"ओटिस, बागांना फोन कर. पुठ्ठा मिळेल तेवढा."

"मिस, तोडणी चालू आहे. सगळे खोके भरलेत."

"मग दुकानांना कर. विनी, चिकटपट्टी मोज. आपण बोट बांधतोय."

"पण कशाची?"

उत्तर वीस मिनिटांनी धुरळा उडवत आलं. पिकअप करकचून थांबली, आणि मागच्या बाजूला, दोरीने घट्ट बांधलेला, उभा… फ्रिजचा खोका. अख्खा. कोराकरकरीत. एक कोपरासुद्धा कापलेला नाही. बाजूवर दहा काळे आकडे.

"साचे कापायचे होते ना तुला?" टॅम्सिनने विचारलं.

"होते." तो तिच्याकडे न बघता दोरी सोडत होता. "तीनदा सुरी घेऊन बसलो. कुठूनही कापला तरी तुझा नंबर तुटत होता."

टॅम्सिनने दोरीचं दुसरं टोक सोडायला घेतलं.

"एवढ्यात दोघांची बोट नाही व्हायची, मिस," ओटिस म्हणाला. "मी जड आहे. विनीला जाऊ दे."

"मी जाणारच आहे," विनी म्हणाली. गेल्या वर्षी बुडालेल्या बोटीत तीच होती. "सुरी कुठाय?"

आणि मग जे काम सुरू झालं! सहा तासही हातात नव्हते. रंग नाही, गोंद वाळवायला वेळ नाही. नुसता पुठ्ठा आणि चिकटपट्टी. मुलं कापत होती, दुमडत होती, आणि ही दोघं हात पाठीमागे घट्ट बांधून शेजारी शेजारी उभी राहून ओरडत होती.

"नळ्या उभ्या, विनी! उभ्या!"

"टोक अजून आत घे… अजून… बास!"

"सांध्यावर तीन पट्ट्या."

"चार!"

"बरं, चार," टॅम्सिन म्हणाली. आणि पाठीमागे, कोणाला दिसणार नाही अशा जागी, त्याची करंगळी तिच्या करंगळीला लागली. चुकून असेल. ती हलली नाही. तोही हलला नाही. चौथी पट्टी लागेपर्यंत अख्खा हात हातात आला होता, भुशाने खरखरीत. शंभर वर्षांच्या बोटी बांधणारा हात!

"रागावलीयस ना अजून?" तो पुटपुटला.

"खूप. सोडू नकोस."

दोन वाजता सहा शाळांच्या सहा बोटी पाण्यात उतरल्या. पाच रंगीत. सहावी पुठ्ठ्याच्याच रंगाची, बाजूवर फोन नंबर मिरवणारी. मिसेस प्लमर चष्मा पुसून बघत होत्या. शिट्टी वाजली.

विनीने वल्हं मारलं. पहिली बोट शंभर फुटांवर उलटली, दुसरी बोयाशी गोल गोल फिरत राहिली. विनीची सरळ गेली. वळसा घातला आणि परत फिरली. धक्क्यावर ओटिस घड्याळ धरून उभा होता. "सात मिनिटं, मिस!"

आठव्या मिनिटाला मागची बाजू जड झाली. पुठ्ठा पाणी पीत होता. नंबरचा शेवटचा आकडा पाण्याखाली गेला. मग त्याच्या आधीचा…

"वल्हव, विनी!" टॅम्सिनचा घसा बसला होता. "पुढे झुक! पुढे!"

नऊ मिनिटं. सहाच आकडे वर होते. दहा. पाच आकडे. फर्गसने तिचा हात इतका घट्ट धरला होता, की बोटं बधिर झाली होती. अकरा. तीन आकडे. विनीच्या कमरेपर्यंत पाणी आलं, दात आवळलेले, वल्हं चालूच… दोन आकडे… आणि बोटीचं टोक धक्क्याच्या उताराला टेकलं.

विनी उभी राहिली, आणि तिच्या पायाखालची बोट तिथेच विरघळून बसली.

"बारा मिनिटं, चार सेकंद!" ओटिस किंचाळला, आणि पाण्यात उडी मारून त्याने विनीला मिठी मारली.

शाळेचा नंबर चौथा आला. पण मिसेस प्लमर पाण्याच्या कडेपर्यंत चालत आल्या, बूट भिजवून घेतले, आणि म्हणाल्या, "पुढच्या वर्षी रंग दे बाई. बरं दिसतं." पुढच्या वर्षी! टॅम्सिन एकाच वेळी हसली आणि रडली.

मग गर्दी पांगली. फर्गस उतारावर उभा राहून पुठ्ठ्याचा लगदा गोळा करत होता. टॅम्सिन त्याच्याजवळ गेली, हात पुढे करून तिने त्याच्या भुवईवरचा भुसा पुसला. सात आठवडे राहिलेलं काम होतं ते.

"गेला नंबर," ती म्हणाली. "आता फोन कसा करणार?"

"पाठ आहे."

"खोटं."

त्याने तिच्याकडे बघत, न अडखळता, दहाच्या दहा आकडे म्हणून दाखवले.

"मग केला का नाहीस रे एकदाही?"

"रोज लावायचो. नऊ आकड्यांपर्यंत." त्याचे कान लाल झाले होते. "फोनवर काय बोलायचं ते सुचायचं नाही. म्हणून गुरुवारी यायचो."

आणि त्याने ओल्या हाताने खिशातून फोन काढला. टॅम्सिनच्या स्वेटरच्या खिशात घंटी वाजली. दोन हातांच्या अंतरावर उभ्या असलेल्या माणसाचा फोन तिने उचलला, कानाला लावला.

"हॅलो? मी फर्गस बोलतोय. तुमच्या खोक्याचा उरलेला तुकडा परत करायचा होता… पण काही उरलं नाही हो. मी तेवढा उरलोय. चालेल?"

टॅम्सिनने मुद्दाम थोडा वेळ घेतला. सात आठवडे वाट बघायला लावली होती ना त्याने!

"चालेल," ती फोनमध्ये म्हणाली. "पण मी परत देणार नाही."