आतलं दार

"माणसं गाव सोडून चाललीत आणि ही बया सलगमांना पांघरूण घालत बसलीय," माझ्या मानेशी सेल्बी पुटपुटला.

"बया नाही, वहिनी म्हण. आणि बाहेरचं दार लाव आधी."

घरामागच्या टेकाडात खणलेल्या आमच्या तळघराला दोन दारं. मध्ये जेमतेम दोघं उभी राहतील एवढी जागा. बाहेरचं लावल्याशिवाय आतलं उघडायचं नाही. नाहीतर गारठा शिरतो आणि हिवाळ्याची सगळी बेगमी काळी पडते. माझा नवरा हेझकाया, म्हणजे सेल्बीचा थोरला भाऊ, फक्त या एका गोष्टीवरून चिडायचा. एरवी गरीब माणूस. दोन वर्षांपूर्वी ऐन काढणीत त्याला समुद्राने नेलं. होडी सापडली, तो नाही.

त्या आठवड्यात मी एकटीने बटाटे खणले, पोती दोन दारांच्या मध्ये ढकलली आणि घरी येऊन पडले. सकाळी बघते तर सगळं आत लागलेलं. बटाटे डाव्या कप्प्यात, गाजरं वाळूत, कोबी डोकं खाली आणि मुळं वर. शेजारधर्म, म्हटलं. कुणाला विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही. हिवाळाभर सडके बटाटे निवडून आतल्या उंबऱ्याबाहेर ठेवलेले असायचे. बाहेर बर्फावर एक पाऊल नसे. पुढच्या वर्षीही तसंच. फक्त माझ्या तळघरापर्यंत यायचं झालं, की बायका खिशात पावाचा तुकडा ठेवून येऊ लागल्या. आमच्याकडे तो ज्याची बाधा होऊ नये म्हणून ठेवतात, त्याचं नाव घेत नाहीत.

आता सरकार न्यूफाउंडलंडच्या अशा एकेक खाडीतली माणसं उचलून मोठ्या गावात नेत होतं. सगळी घरं निघाली होती. मी नाही म्हणून बसले होते.

"हट्ट सोड, वहिनी. पुढच्या हंगामात पोती कोण लावणार तुझी? आम्ही तर नसणार."

"आजवर ज्याने लावली तो."

सेल्बीने बाहेरचं दार नुसतं ओढून घेतलं.

मी आतलं दार ढकललं. ओल्या मातीचा, सलगमांचा वास आला. कंदील पुढे केला. ढिगावरचे बटाटे नुकतेच उलटेपालटे केलेले दिसत होते. एक अजून घरंगळत होता.

सेल्बी दचकून मागे सरला. त्याच्या पाठीने बाहेरचं दार सताड उघडलं. वारा घुसला, कंदील विझला.

आतलं दार हललं.

मला हलकेच मागे सारत ते मिटू लागलं. घाई नव्हती. बिजागरी निसटल्यापासून ते शेवटी जरा उचलून बसवावं लागतं.

ते उचलून बसवलं गेलं.

मी हलले नाही. "बघ. गारठा आत जाऊ दिलास."

सेल्बीने चाचपडत बाहेरचं दार ओढून घेतलं. अंधारात त्याचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

"पोती आम्ही कुणीच लावली नव्हती, वहिनी."

"ठाऊक आहे. मला नको सांगूस. दार लावलंस ते त्याला सांग."

 मग त्याने टोपी काढल्याची सळसळ झाली, आणि तो आतल्या दाराकडे तोंड करून म्हणाला,

"दादा... लावलं रे दार."